बिलातून आधी काय काढायचं?

काउंटरवर उभं राहिलं की किस्से आपोआप साठतात. पगार साठत नाही, किस्से साठतात!

मी कोपरखैरण्यातल्या एका स्वस्त मालाच्या मोठ्या दुकानात बिलिंगला आहे. दुकानाचं नाव सांगत नाही, कारण मला उद्याही तिथेच जायचं आहे. लग्नात, बारशात, अगदी मयतीला गेले तरी कुणीतरी बाजूला घेऊन विचारतंच, "सुरेखा, खरं सांग हं, तुमच्याकडे आठवड्याचं सामान भरलं की खरंच स्वस्त पडतं का गं?" आता काय सांगू? हो म्हटलं तर खोटं, नाही म्हटलंही खोटंच. मग मी किस्सा सांगते. दुपारी रिकाम्या खोक्यांच्या आडोशाला आम्ही डबे उघडतो, तेव्हा हेच किस्से निघतात. मी, माझ्या शेजारच्या काउंटरवरची वनिता, आणि गेटवर बिलं तपासणारा शिंदे. ऐकून आधी हसू येतं. मग डबा तसाच राहतो.

*

पाम बीच रोडच्या बाजूला राहणारे एक साहेब दर रविवारी यायचे. आत शिरतानाच जाहीर करायचे, "आपल्याला फक्त साखर घ्यायचीय!"

एकदा असेच साखरेसाठी आले आणि दोन ट्रॉल्या ढकलत बाहेर आले. एकीत छत्री, भिंतीवरचं घड्याळ, उशीची खोळ, आणि वर मुकुटासारखा कुकर.

"मॅडम, कुकर बघा. अर्ध्या किमतीत!"

"घरी नव्हता का सर?"

"तीन आहेत."

बिल निघालं. आमच्या बिलाच्या तळाशी मोठ्या अक्षरांत छापून येतं, 'तुमची बचत' इतकी इतकी. साहेबांनी तेवढ्याच ओळीचा फोटो काढला आणि बायकोला पाठवला. वरचा आकडा फोटोत येऊ नये म्हणून बोट ठेवलं होतं, ते मी पाहिलं.

थोड्या वेळाने साहेब परत रांगेत. चेहरा पडलेला.

"काय राहिलं सर?"

"साखर."

या वेळी साखर होती. साखरेबरोबर एक बादली आणि स्लिपरचा जोडही होता. गेटवर शिंदेने बिलाला भोक पाडलं आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "साहेब, साखर एकटी जायला घाबरती का?"

*

याच 'तुमची बचत'ची दुसरी गोष्ट. एक मुलगा गावाकडून आलेल्या आपल्या आईला दुकान दाखवायला घेऊन आला. साताऱ्याकडची म्हातारी, नऊवारी नेसलेली, एसीत थंडी वाजते म्हणून पदर घट्ट धरलेला. मुलाने कार्ड मारलं, बिल हातात घेतलं आणि रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आई, बघ, आज आपले सहाशे रुपये वाचले!"

म्हातारीने तळहात पुढे केला. "आण की मग हिकडं."

"अगं, तसे हातात नाही मिळत."

"मग कुठं वाचलं?"

"म्हणजे, जास्त गेले असते. ते गेले नाहीत."

"आन् गेलं किती?"

मुलाने बिलाची घडी घातली. रांग हसायला लागली, पण म्हातारी काही हसली नाही. तिचा हात तसाच पुढे होता. वनिता तिच्या काउंटरवरून वाकून म्हणाली, "आजी, मी तं रोजचे रोज छापते. मना पन कवा कोनी दिले नाय!"

*

ही वनिता करावे गावची. तिची आई अजून टोपली घेऊन मच्छी विकते. वनिताचा नवरा उरणला कंटेनर यार्डात होता, तिथे पाठीला मार बसला आणि तो घरीच बसला. दोन मुली, औषधं, भाडं, सगळं वनिताच्या पगारावर. आणि पगार कसला तर काँट्रॅक्टचा, आणि काँट्रॅक्ट ठरावीक महिन्यांनी पुढे वाढतं किंवा वाढत नाही. वाढवायचं की नाही ते आमचे मॅनेजर साळुंखे सर वर कळवतात. वर म्हणजे कुठे, ते आम्हाला आजवर कळलेलं नाही.

वाढायचं कशावरून, ते मात्र कळलंय. कॅन्सलवरून.

लोक हिशेब करून येतात आणि ऑफर बघून हिशेब विसरतात. काउंटरला आल्यावर आकडा दिसतो आणि घाम फुटतो. मग म्हणतात, "थांबा, यातलं काहीतरी काढा." एकदा स्कॅन झालेली वस्तू काढायची तर आम्ही घंटी वाजवायची, साळुंखे सर गळ्यातलं कार्ड घेऊन येणार, मशीनला लावणार, मग ती वस्तू बिलातून निघणार. आणि स्क्रीनवरच्या नावाच्या चौकटीत ती कॅन्सल त्या काउंटरवालीच्या नावावर चढणार! गिऱ्हाइकाचा खिसा फाटका, डाग आमच्या नावाला. महिनाअखेरीला कुणाच्या किती कॅन्सल झाल्या ते सर मीटिंगमध्ये वाचून दाखवतात. वनिता कायम पहिली.

का? तर तिला गप्प बसता येत नाही.

एकदा एक जोडपं आलं. रोख पैसे नवऱ्याच्या हातात. बिल वर गेलं तसा तो बायकोला म्हणाला, "काढ काय काढायचंय ते." बायको काढायला लागली. मी इतक्या वर्षांत एक गोष्ट पाहिली आहे आणि ती पाहून माझं डोकं फिरतं. बाई आधी स्वतःचं काढते. या बाईने आधी शाम्पू काढला. मग केसांच्या क्लिपा. मग सॅनिटरी पॅडचं पाकीट उचललं. पट्ट्यावर नवऱ्याची शेव, नवऱ्याचा दाढीचा फोम, नवऱ्याचे खारे काजू मजेत पडलेले.

वनिताने ते पाकीट तिच्या हातातून घेतलं आणि पिशवीत टाकलं. "ह्ये र्‍हाऊ द्या ताई. शेव काढा."

नवरा भडकला. "आमच्या घरात काय खायचं ते तू ठरवणार?"

"मी कुठं ठरवतंय? तुमी खावा. पन आधी ह्ये."

शेव निघाली. काजूही निघाले. कॅन्सल वनिताच्या नावावर. नवऱ्याने तक्रार केली ती वेगळीच. साळुंखे सरांनी तिला मागे बोलावलं आणि सुनावलं, "वनिता, तू बिल कर. लोकांचे संसार करू नकोस!"

ती बाई मात्र त्यानंतर नेहमी वनिताच्याच रांगेत उभी राहायची, शेजारी माझं काउंटर रिकामं असलं तरी.

*

आम्ही स्वतः सामान कुठून भरतो, हे कुणी विचारत नाही.

मी आमच्या गल्लीच्या टोकाला असलेल्या वाण्याकडून भरते. एकदा संध्याकाळी त्याच्याकडे उभी होते, तर आमच्या दुकानाची एक नेहमीची गिऱ्हाईक तिथे काडेपेटी घ्यायला आली. मला बघून तिला धक्काच बसला. चोरी करताना सापडावं तशी मी तिला दिसले असेन.

"अय्या! तुम्ही इथे? तुमच्याकडे तर तेल कितीतरी स्वस्त आहे!"

"आहे ना."

"मग?"

"तिथे पाच लिटरचा डबा स्वस्त आहे. मला पाव लिटर हवंय."

ती समजुतीने म्हणाली, "पण डबा घेतला तर महिन्याला किती वाचतील तुमचे!"

वाचतील की! मलाही गणित येतं. पण महिनाभर वाचवायला आज एकदम पाच लिटरचे पैसे लागतात. ज्याच्याकडे ते आहेत त्याचे वाचतात, ज्याच्याकडे नाहीत त्याने पाव लिटर महाग घ्यायचं. ही आमच्या दुकानाची खरी ऑफर आहे, पण ती बोर्डावर लावत नाहीत. मी बाटली पुढे केली आणि वाण्याला म्हटलं, "दादा, जरा वरपर्यंत भरा."

*

साळुंखे सर वाईट माणूस नाही, हे आधी सांगते. त्यांनाही वरून शिव्या बसतात. दुकान उघडण्याआधी सगळ्यांना रांगेत उभं करून ते भाषण देतात. शब्द ठरलेला, बास्केट. "बास्केट वाढली पाहिजे! प्रत्येक कस्टमरने काउंटरवरून एक तरी एक्स्ट्रा वस्तू उचलली पाहिजे! तोंड उघडा, विचारा!"

त्या आठवड्यात काउंटरवर क्रीमच्या बिस्किटांचा ढीग होता. तोंड न उघडणाऱ्याचं नाव लिहून घेणार, असं सरांनी बजावलं होतं. वनिताने पहिल्याच गिऱ्हाइकाला तोंड उघडून विचारलं.

"काकू, बिस्किटं घ्यायची हायत का? दोनावर एक फुकट हाय."

काकू विचारात पडल्या. हात पुढे गेला.

"पन नका घेऊ. गेल्या टायमाची घरात असतील अजून."

काकूंनी हात मागे घेतला. "असतील काय, आहेतच गं! मऊ पडलीत सगळी."

मागे साळुंखे सर उभे होते. त्यांनी डोळे मिटले. जेवताना मी वनिताला झापलं, म्हटलं, बाई, तुझ्या मुलींची फी काय काकू भरणार आहेत का? ती म्हणाली, "सरांनी इचारा बोलले, मी इचारलं. इकून दाव कुठं बोलले?"

शिंदेला ठसका लागला. मला हसू आलं नाही. मला तिचा राग आला होता, आणि भीती वाटत होती.

*

हा पुढचा किस्सा आम्ही जेवताना सांगत नाही.

आमच्याकडे मोठ्या माणसांच्या डायपरवर ऑफर होती, तीन पाकिटं घेतली तर बरीच सूट. एक माणूस, साधा, तुर्भ्याच्या कंपनीतला असावा, कंपनीचा शर्ट अंगावर होता, तीन पाकिटं घेऊन गेला. म्हणाला, "वडील आहेत घरी. स्वस्त पडतंय तर एकदमच घेऊन ठेवतो."

काही दिवसांनी तो दोन पाकिटं घेऊन परत आला. डोक्याचे केस काढलेले होते.

मी काही बोलायच्या आत साळुंखे सर पुढे आले आणि नियम सांगायला लागले. ऑफरचा माल परत होत नाही, एक पाकीट वापरलंय, सूट तिन्हींवर होती. सर सांगत होते आणि त्यांचं लक्ष त्याच्या डोक्याकडे गेलं. ते अर्ध्यावर थांबले.

"पैसे नकोत हो," तो माणूस म्हणाला. "घरात नजरेसमोर नकोत, म्हणून आणली. आई सारखी हात फिरवत बसते त्यांच्यावर."

पाकिटं माझ्या काउंटरवर ठेवून तो गेला; मी ती खाली सरकवली. सरही गेले.

दुसऱ्या दिवशी वनिताच्या काउंटरला एक थकलेली बाई आली. सासूसाठी तीच पाकिटं, तीच ऑफर. वनिताने स्कॅन केलेली पाकिटं बाजूला ठेवली, घंटी वाजवली, सरांनी गर्दीत न बघता कार्ड लावलं आणि ते निघून गेले. मग तिने माझ्या काउंटरखालची दोन पाकिटं काढून त्या बाईला दिली. "ह्यी न्या. ह्याचे पैसे झालेत."

"कुणी दिले?"

"एका पोरानं."

संध्याकाळी सरांना कळलं. त्यांचा आवाज मी कधी इतका चढलेला ऐकला नव्हता. "विकलेला माल फुकट वाटतेस आणि विकायचा माल शेल्फवर परत! वनिता, तू नोकरी कुणाची करतेस?"

ती म्हणाली, "सर, पोरींची."

सरांनी खाली बघितलं. मग हळू आवाजात म्हणाले, या महिन्यात तुझ्या नावावर आता एकही कॅन्सल वाढली तर माझ्या हातात काही राहणार नाही. काँट्रॅक्ट संपलं समज.

*

वनिताचं काँट्रॅक्ट वाढलं नाही. हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटचा किस्सा ऐकताना कुणी आशा लावून बसायला नको.

पगारानंतरचा शनिवार होता. सगळी नवी मुंबई आमच्याच दुकानात आल्यासारखी गर्दी. वनिता त्या आठवड्यात कुणाशी एक शब्द जास्त बोलत नव्हती. गिऱ्हाइकाने "जास्त झालं का हो?" असं विचारलं की मान खाली घालून म्हणायची, "घ्या ना. लागतंच घरात." तिच्या तोंडून ते ऐकवत नव्हतं. पण कॅन्सल होत नव्हती.

दुपारी तिच्या रांगेत एक बाई आली. साधी साडी, केसांना रबर, हातात कापडी पिशवी आणि छोटं पाकीट. आमच्यापैकी कुणीच तिला आधी पाहिलं नव्हतं. सामान फार नव्हतं. तांदूळ, तूरडाळ, तेल, मुलांच्या डब्याचं थोडं, साबण, एक केसांच्या तेलाची बाटली, एक साधा गाऊन आणि बदामाचं छोटं पाकीट.

वनिताने स्कॅन केलं. आकडा आला. बाईने पाकीट उघडलं, नोटा काढल्या आणि तिचा चेहरा उतरला.

"जरा थांबा हं. काढते."

वनिता बघतच राहिली. तिला एवढंच म्हणायचं होतं, घ्या ना, लागतंच घरात. माझे कान तिकडेच होते, पण ती बोलली नाही. त्या बाईचा हात आधी गाऊनकडे गेला होता.

"ताई," वनिता म्हणाली, "गाऊन र्‍हाऊ द्या. दुसरं कायतरी बघा."

"दुसरं काय बघू? दुसरं सगळ्यांचं आहे."

तिने गाऊन बाजूला ठेवला. मग केसांचं तेल. बदामाचं पाकीट उचललं, परत खाली ठेवलं, परत उचललं आणि काढून टाकलं. मागची रांग चुळबुळायला लागली. वनिताने माझ्याकडे बघितलं. मी काय करणार होते? तिने घंटी वाजवली.

साळुंखे सर गर्दीतून वाट काढत, वैतागत आले. "वनिता, तुला मी काय सांगितलं होतं?" त्यांनी गळ्यातलं कार्ड हातात घेतलं आणि समोर पाहिलं.

ती बाई ओशाळं हसली.

"अहो," ती म्हणाली, "तुमच्याच दुकानात आले म्हटलं, तुम्ही म्हणाला होतात ना, इथे तेवढ्यात आरामात बसतं. नाही बसलं."

रांगेतली चुळबुळ थांबली. गेटवर शिंदेने बिलं तपासणं थांबवलं. सरांनी एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा गाऊनकडे. खिशाकडे हात गेला आणि तसाच परत आला. महिन्याचे पैसे त्यांनी तिच्याच हातात दिले असणार. मग त्यांनी कार्ड मशीनला लावलं. गाऊन निघाला. परत लावलं. केसांचं तेल निघालं. बदामाच्या वेळी कार्ड चाललं नाही, तर शर्टाला पुसून पुन्हा लावलं.

स्क्रीनवर नाव भरायची चौकट आली. वनिताची बोटं बटणांवर होती. ती काही रागाने बोलली नाही, रोज बोलते तशीच बोलली.

"सर, ह्ये कोनाच्या नावावर टाकू?"

सरांनी कार्ड शर्टावर सोडलं. तांदूळ, डाळ, तेल पिशवीत भरता भरता त्यांच्या बायकोनेच उत्तर दिलं.

"माझ्या टाका की. घरीसुद्धा जे कमी पडतं ते सगळं माझ्याच नावावर असतं."